नव्वद नंबरच्या दोन बादल्या

१

कृष्णातला ट्रॅक्टरखालून बाहेर काढायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्या अर्ध्या तासात लोकांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला. गुन्हेगार म्हणजे माझा भाऊ.

मी चंद्राबाई. मेढ्यात स्टँडामागं माझं ऑइल आणि फिल्टरचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं काउंटरला मीच बसते. ‘बाईला इंजनातलं काय कळतंय’ म्हणणारे आधी पुष्कळ होते. आता तेच माझ्याकडनं तेल नेतात आणि वर माझी बोलणीही खातात. कारण गाडीचं मॉडेल विचारल्याशिवाय मी बादली देत नाही. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटतं, तेल म्हणजे तेल. लेबलावरचा मोठा आकडा वाचतात, खालची बारकी अक्षरं कोण वाचतो! अरे बाबांनो, आकडा नुसती जाडी सांगतो, ते तेल कोणत्या कामाचं आहे ते अक्षरं सांगतात. हे मी दिवसातनं दहा वेळा ओरडते.

दुकानाला लागून दादाचं गॅरेज. नाथाजी मिस्त्री, माझा थोरला भाऊ, वय अडुसष्ट. अख्ख्या जावळी तालुक्यात जुना ट्रॅक्टर आजारी पडला की लोक त्याच्याकडंच येतात.

सोमवारी दुपारी दादानं वीरधवलच्या ट्रॅक्टरचं मागचं गिअर ऑइल बदललं आणि ब्रेकचा रॉड आवळला. मंगळवारी सकाळी वीरधवलचा ड्रायव्हर कृष्णात भाताची पोती भरून वरच्या वाडीच्या उतारानं खाली येत होता. ओढ्याजवळच्या वळणावर ब्रेक लागला नाही. ट्रॉली मागनं ढकलत आली आणि ट्रॅक्टर उलटा ओढ्यात. कृष्णातचा उजवा पाय खाली सापडला.

“पिन!” वीरधवल ओढ्याच्या काठावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होता. “ब्रेकच्या रॉडची पिन लावायची इसरला म्हातारा! डोकं चालत न्हाई त्याचं, कवापासनं सांगतोय मी!”

माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. “तू बघितलीस व्हय रं पिन? ट्रॅक्टर उलटा पडलाय, रॉड तुटून पाण्यात गेलाय, आणि तुला पिन दिसली?”

“मग ब्रेक का लागला न्हाई, चंद्राक्का? काल सकाळपतूर तर लागत हुता.”

आणि खरं सांगायचं तर मलाही दादाची खात्री नव्हती. गेल्या महिन्यात दादानं मला दोनदा आईच्या नावानं हाक मारली होती. एकदा चहा ठेवून विसरला, पातेलं जळलं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी दादा दुकानात आला. शर्टाच्या खिशात हात घातला आणि काउंटरच्या काचेवर काहीतरी ठेवलं. ती ब्रेकच्या रॉडची पिन होती.

“खिशात हुती,” तो म्हणाला. “चंद्रे, मी खरंच इसरलो गं.”

२

मी पिनेवर झटकन फडकं टाकलं. “बस आधी खाली. पाणी पी. आणि हे आणखी कुणाला दाखवलंस?”

“कुणाला न्हाई. पर उद्या सही करणार हाय. वीरधवलनं कागद केलाय. उद्या पाच वाजता, चार माणसांम्होरं.”

“कसला कागद?”

“माझ्या इसरभोळेपणानं झालं म्हणून. आन् आजपासनं गॅरेज बंद म्हणून.” तो आपल्या हातांकडं बघत होता. “बरोबरच हाय. पोरगं मरता मरता वाचलंय. आनी कुणाचा जीव घिऊ मी?”

मला रडू येत होतं. पण मी रडले असते तर तो तिथल्या तिथंच मोडला असता. मी दरडावलं, “दादा, सोमवारी काय काय केलंस ते मला पहिल्यापासनं सांग. काहीही गाळायचं नाही.”

तो डोळे मिटून सांगायला लागला. आणि ऐका, हात काय करत होते ते त्याला नीट आठवत होतं. “खालचा बोल्ट काढला. घमेल्यात तेल सोडलं. चंद्रे, तेल लय पातळ हुतं. नव्वद नंबरचं तेल कसं, काकवीगत उतरतं. हे सोनेरी, भसाभसा आलं. मला वाटलं, मालकाला इचारावं.”

“मग विचारलंस?”

तो थांबला. डोळे उघडले. “इचारलं... बहुतेक.”

“बहुतेक?”

“आठवत न्हाई गं,” तो म्हणाला.

आता माझंही सांगते. नवं ओतलेलं तेल माझ्याच दुकानातलं. वीरधवल स्वतः आला होता. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळ्या गोष्टींत मिरवायची हौस. दोन महिन्यांपूर्वी त्यानं सांगली जिल्ह्यातल्या कडेगावातनं हा ट्रॅक्टर आणला, आणि तेव्हापासनं दिसेल त्याला सांगत सुटला की चौऱ्याऐंशीचं मॉडेल, एकहाती, म्हणजे एकाच मालकाकडचं, असा नग तालुक्यात नाही. दसऱ्याला त्याला लालभडक रंग काढला, झेंडूच्या माळा घातल्या, फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवले. मी माझ्या सवयीनं विचारलं होतं, “मागचं काही बदललंय का?”

“एक नटबी बदलल्याला न्हाई, चंद्राक्का. कंपनीतनं आल्यागत हाय.”

मग मी नव्वद नंबरच्या दोन बादल्या दिल्या. अक्षरं बघून दिल्या, जीएल-चार. जीएल-पाच नाही, कारण जुन्या गिअरबॉक्सातल्या पितळेला ते खातं. लेबल आणि मॉडेल, दोन्ही मी नीट जुळवलं होतं.

काढलेलं पातळ तेल दादानं एका कॅनमध्ये ठेवलं होतं. लोक ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून नेतात. मी त्यातलं एक बाटलीभर घेतलं, दुसऱ्या बाटलीत नव्या बादलीतलं उरलेलं घेतलं. पिन रुमालात बांधली.

“पाचच्या आत मी येते,” मी म्हटलं. “तोवर पेनाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.”

“आलीस न्हाई तर?” दादानं विचारलं.

३

पहाटेच्या पहिल्या एसटीनं साताऱ्याला गेले. हॉस्पिटलातली नर्सबाई ओळखीची होती, तिनं पाच मिनिटं आत सोडलं.

कृष्णात सव्वीस वर्षांचा आहे. एरवी एका हातानं पोतं उचलणारा गडी, पण आता चादरीखाली एवढासा झाला होता. पायाचं काय ते डॉक्टर दुपारी सांगणार होते.

“आक्का, मी पिलो नव्हतो,” त्यानं मला बघताच सांगितलं. “लोकं म्हनत असतील ना?”

“लोकांचं सोड. तू ब्रेक दाबलास तेव्हा पॅडल कसं लागलं? ढिलं? एकदम खाली गेलं का?”

“न्हाई. पॅडल घट्ट हुतं. जोर लागत हुता, पर गाडी थांबत न्हवती. चाकं घसरल्यागत.”

मी पुढं सरकले. पिन पडली असती, रॉड सुटला असता, तर पॅडल रिकामं गेलं असतं, पायाला काही लागलंच नसतं. पण वेदनेत पडलेल्या पोराच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? “आदल्या दिवशी बरा होता ब्रेक?”

“सकाळी एक नंबर हुता. तेल बदलून गाडी न्हेली, तवापासनं ब्रेक दाबला की मागनं म्हस रेकल्यागत आवाज. मी मालकाला संध्याकाळी सांगितलं. मालक म्हनलं, नवं तेल हाय, बसंल दोन दिसांत.” त्यानं माझा हात धरला. “आक्का, पाय ऱ्हाईल ना माझा?”

मी म्हटलं राहील. दुसरं काय म्हणणार?

सांगलीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि रुमालाची गाठ सोडली. उजेडात पिन पहिल्यांदाच नीट बघितली आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. पिनेला गंज होता. चिमट्यासारखे तिचे दोन्ही पाय सरळ होते खरे, पण टोकाजवळ वाकवल्याच्या खुणा होत्या. नवी पिन अशी नसते. ही आधी रॉडात बसलेली, पाय वाकवलेली, मग सरळ करून उपसलेली पिन होती. म्हणजे जुनी. दादाची सवय मला माहीत आहे. जुनी पिन जमिनीवर टाकत नाही, कुणाच्या टायरात घुसेल म्हणून खिशात घालतो. आणि सोमवारी त्यानं माझ्याकडनं नवी पिन नेलीच होती.

पण नेली म्हणजे लावली असं थोडंच आहे? जीव अर्धाच भांड्यात पडला.

आणि मग कराड मागं पडता पडता मला दुसरीच गोष्ट टोचायला लागली. चौऱ्याऐंशीच्या ट्रॅक्टरचा ब्रेक कोरडा असतो. गिअरचं तेल एका कप्प्यात, ब्रेक दुसऱ्यात, मधे सील. त्या तेलाची आणि ब्रेकची उभ्या जन्मात गाठ पडत नाही. मग तेल बदलल्यावर ब्रेक ओरडायला कसा लागला?

४

सांगलीत आण्णाप्पा शेठांकडनं मी वर्षानुवर्षं माल आणते. बाजारपेठेतल्या गल्लीत त्यांची पेढी आहे. शेजारी हळदीचे व्यापारी, त्यामुळं शेठांच्या तेलाच्या डब्यांवरही पिवळी धूळ असते. फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही. त्यांनी मला खोटा माल दिला असेल तर ते मला तोंडावर वाचायचं होतं.

मी नव्या तेलाची बाटली त्यांच्यापुढं ठेवली. “शेठ, हे तुमच्या बादलीतलं. ह्यानं एक पोरगं मरायला टेकलंय. खरं आहे की बनावट?”

त्यांचा चेहरा पडला, पण चिडले नाहीत. म्हातारा सावकाश उठला. बोटावर तेल घेतलं, चोळलं, हुंगलं. माझ्या बादल्यांचा बॅच नंबर आपल्या वहीत शोधला, त्याच लॉटमधली सीलबंद बादली माझ्यासमोर फोडली आणि कागदावर दोन्हींचे थेंब शेजारी सोडले. दोन्ही सारखेच पसरले.

“माल खरा हाय बाई. जीएल-चार, नव्वद. मी देवाधर्माचा माणूस, तेलात खोट करत न्हाई.”

“मग हे बघा.” मी दादानं काढलेल्या तेलाची बाटली पुढं केली. “हे जुनं. आधी गाडीत होतं ते.”

शेठांनी तेही चोळलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. “हे नव्वद न्हवंच की. हे तीन कामांचं तेल. गिअर, हायड्रॉलिक आनि तेलात बुडालेला ब्रेक, तिन्हीला एकच. नव्या गाड्यांत घालत्यात. तसल्या गाडीत नव्वद घातलं तर ब्रेकच्या प्लेटी धरत न्हाईत, घसरायलेत, ओरडायलेत.” ते माझ्याकडं बघत राहिले. “गाडी कुठली?”

“चौऱ्याऐंशीची.”

“चौऱ्याऐंशीच्या गाडीत तेलातला ब्रेक असतोय काय बाई?”

“नसतो,” मी म्हटलं.

पुढची मॉडेलची पाटी चौऱ्याऐंशीची आणि पोटातलं तेल नव्या गाडीचं. एक तर आधीच्या मालकानं चुकीचं तेल घातलं होतं, नाहीतर त्या ट्रॅक्टरचं तोंड एक आणि धड दुसरंच होतं. साडेअकरा वाजले होते. दादाच्या सहीला साडेपाच तास होते, आणि आधीचा मालक कडेगावात होता. नाव तेवढं मला ठाऊक होतं. हंबीरराव, रिटायर्ड सुभेदार.

५

कडेगावात उसाच्या फडांमधनं त्यांचं घर शोधेपर्यंत एक वाजला. हंबीरराव ओट्यावर ताठ बसले होते. मिशा पांढऱ्या, बुटाला पॉलिश.

“तुमच्या ट्रॅक्टरमुळं अपघात झालाय,” मी म्हटलं. घाईत बोलायला नको तेच पहिलं बोलून गेले.

“माझ्या?” ते ताडकन उठले. “बाई, चाळीस वर्षं ती गाडी माझ्याकडं हुती. शिस्तीत ठिवली. इकली, इषय संपला. माझ्या गाडीला नाव ठिवायचं असंल तर आल्या वाटंनं जावा!”

त्यांनी पाठ फिरवली. मी तिथंच उभी राहिले. आता परत जाऊन दादाला काय सांगू?

गोठ्यातनं त्यांच्या मालकीणबाई विजयमाला येत होत्या. माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. “आवं, पाणी तरी घ्या. उनाचं आलाय,” म्हणाल्या आणि हातातली बादली खाली ठेवली. म्हशीची सरकी पेंड भिजवायची बादली.

आमच्याकडं तेलाची रिकामी बादली कुणी टाकत नाही. वीस लिटरची, झाकणाची, भक्कम. कुणी न्हाणीत ठेवतं, कुणी धान्य भरतं. माझ्या गिऱ्हाइकांची निम्मी घरं माझ्या बादल्यांवर चाललीत. मी खाली बसले आणि पदरानं त्या बादलीवरची पेंड पुसली. लेबल अर्धं सोललेलं होतं, पण खालची बारकी अक्षरं शाबूत होती. ते नव्वद नंबर नव्हतं. गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक, तिन्हींसाठी.

“सुभेदार!” मी ओरडले. “ट्रॅक्टरचं मागचं धड तुम्ही बदललं होतंत का?”

ते वळले. “बदललं हुतंच की. आठ वर्षं झाली. जुनं फुटलं, म्हणून त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचं आणून जोडलं. भाईरनं सारखंच दिसतंय. त्यात लपवायचं काय? त्या वीरधवलरावाला मी दहा वेळा बजावलं, मागं ऑइल ब्रेक हाय, साधं नव्वद घालू नगा. वर लिव्हूनबी ठिवलंय.”

“कुठाय तो कागद?”

“कागद? कागद कशाला, बाई? गाडीवरच.” त्यांनी आतनं एक फोटो आणला. विकायच्या दिवशीचा, ट्रॅक्टरशेजारी ते स्वतः. मागच्या हाउसिंगवर, गिअर-ब्रेकच्या लोखंडी पेटीवर, पांढऱ्या रंगानं ठसठशीत अक्षरं होती. “फौजेत मी गाड्यांच्या वर्कशॉपात हुतो. चाकावर हवा किती, ते मडगार्डावर लिव्हायचं. तेल कुठलं, ते तिथंच लिव्हायचं. मानूस इसरतो, बदली हुतो, मरतो. गाडीवर लिव्हलेलं ऱ्हातं.”

दसऱ्याचा तो लालभडक रंग माझ्या डोळ्यांपुढं आला.

“सुभेदार,” मी म्हटलं, “ते राहिलं नाही. त्याच्यावर रंग काढलाय. आणि पाच वाजता माझा भाऊ त्या अपघाताचा दोष आपल्या माथ्यावर घेऊन सही करतोय.”

त्यांनी घड्याळ बघितलं. मग विजयमालाबाईंना हाक मारली, “जीपची किल्ली आन.”

६

साताऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं वाहतूक तुंबली. मी दादाला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. हंबीरराव हॉर्नवर हात ठेवून बसले होते. मी मनात म्हणत होते, दादा, इतक्या गोष्टी विसरतोस, आज सही करायची तेवढी विसर.

गॅरेजपुढं पोचलो तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. क्रेननं ट्रॅक्टर आणून अंगणात ठेवला होता, पुढनं चेपलेला, मागनं तसाच लाल. पंधरा-वीस माणसं. मधे टेबल, टेबलावर कागद, आणि दादाच्या हातात पेन.

“ठेव ते खाली!” मी जीपमधनं उतरायच्या आधीच ओरडले.

वीरधवलनं हंबीररावांना बघितलं. फक्त क्षणभर बघितलं, पण मी बरोबर त्याच्याचकडं बघत होते. त्याचा हात शर्टाच्या कॉलरकडं गेला.

हंबीरराव गर्दीतनं सरळ आत शिरले. दादाच्या अवजारांतली पत्री उचलली, ट्रॅक्टरच्या मागं गेले आणि हाउसिंगवरचा रंग खरवडायला लागले. नुसता तो खरखर आवाज. लाल कपचे पडत गेले आणि खालनं पांढरं उगवायला लागलं. एक जणानं मोठ्यानं वाचलं, “मागं... ऑइल ब्रेक. साधं नव्वद... घालू नये.”

मी मग सगळं सांगितलं. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. पॅडल घट्ट होतं हे कृष्णातनं सांगितलं, म्हणजे रॉड जागेवर होता, पिन जागेवर होती. खिशातली पिन जुनी, ही बघा तिच्यावरची वाकवल्याची खूण. आणि तेल बदलल्याबरोबर ब्रेक ओरडायला लागला, म्हणजे ब्रेक तेलातच होता. “गाडीच्या तोंडावर चौऱ्याऐंशीची पाटी आणि मागं दुसऱ्याच गाडीचं धड. हे इथं एकाच माणसाला ठाऊक होतं. वीरधवल, मी तुला काउंटरवर विचारलं होतं.”

“आवं, बोलन्यात चूक हुती मानसाची! रंगाऱ्यानं रंगवलं, मला काय ठावं तो ती अक्षरं बुजवंल म्हणून?”

“बोलण्यात चूक झाली होय? सगळ्या तालुक्यात एकहाती, ओरिजिनल म्हणून मिरवलंस. जोडलेला ट्रॅक्टर आणला हे कळलं असतं तर लोक हसले असते, म्हणून तू गप्प राहिलास. कृष्णातनं आवाज येतोय म्हणून सांगितलं तेव्हा तरी तुला कळलं होतं ना? तेव्हा का गाडी थांबवली नाहीस?”

“मला काय माहीत असं हुईल! मिस्त्री हाय ना हा? त्याला कळाय नगं? सारखं सारखं इचारत हुता, तेल पातळ हाय, तेल पातळ हाय! दोनदा सांगितलं म्हाताऱ्याला, वत नव्वद म्हणून...”

तो थांबला. त्यालाही ऐकू आलं होतं आपण काय बोललो ते.

मग दादा टेबलामागनं उठला. त्याला वीरधवलशी काही देणंघेणंच नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता, लहान पोरानं बघावं तसा.

“चंद्रे,” तो म्हणाला, “मी इचारलं हुतं?”

“दोनदा, दादा. दोनदा विचारलंस.”

“दोनदा इचारलं,” तो आजूबाजूच्या माणसांना सांगायला लागला, “मी दोनदा इचारलं हुतं.” आणि मग माझा भाऊ सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मीही रडले. आता हरकत नव्हती.

७

कागद वीरधवलनंच फाडला. पण त्याच टेबलावर, त्याच माणसांसमोर दुसरा कागद झाला, त्याच्या जबाबाचा, आणि तो पोलिसांकडं गेला. कृष्णातचा पाय राहिला. आत सळई आहे, थोडा लंगडेल, पण राहिला. हंबीरराव त्याला बघायला दोनदा येऊन गेले.

आणि मी? मला कुणी काही बोललं नाही. पण रात्री अंथरुणावर मी स्वतःला सोडत नाही. मी लेबल वाचलं, मॉडेल विचारलं, पण उठून गाडीच्या मागं वाकून बघितलं नाही. आता बघते. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी गाडीखाली डोकं घालते, मगच बादली देते. आणि पांढऱ्या रंगाचा एक डबा काउंटरखाली ठेवलाय. जुनी गाडी आली की तिच्या मागं तेलाचं नाव लिहून देते. अक्षर सुभेदारांसारखं येत नाही, पण वाचता येतं.

दादानं एकच गोष्ट मागितली. “गाड्यांवर लिव्हतीस, माझं बी लिव्हत जा. रोज काय काय केलं त्ये. म्हंजी परत कुणी काय म्हनलं तर मला भ्या वाटायला नगं.”

मी वही केली. रोज पाच वाजता दुकानातनं उठून गॅरेजात जाते. तो स्टुलावर बसून सांगतो, मी लिहिते.

काल त्यानं तीन कामं सांगितली. हरिबाच्या ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल, एक क्लच, एक पंक्चर. मग म्हणाला, “झालं, एवढंच.”

हरिबाच्या ट्रॅक्टरचा फिल्टरही त्यानं बदलला होता. दुपारी माझ्याच हातातनं नेला होता, आणि बसवताना मी दारातनं बघितलं होतं. मी वाट बघितली. तो हात पुसत होता.

मी चौथी ओळ लिहिली आणि वही त्याच्यापुढं धरली. त्यानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

“हे मी सांगितलं?” त्यानं विचारलं.

“तूच सांगितलंस की,” मी म्हटलं. “सही कर.”